मुका काय बोलला

त्या वर्षी आभाळ अवेळी भरून यायला लागलं आणि मिठागरावर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वाफ्यांत मीठ पिकलं होतं, पण ओढून राशीला लागलेलं नव्हतं. एक सर कोसळली असती तरी अख्ख्या हंगामाचं पाणी झालं असतं. ठेकेदाराने दुपारची विश्रांती बंद केली. "ढग सुट्टी घेतात का? मग तुम्हाला कशाला?" असं तो बांधावर छत्री धरून म्हणायचा, आणि माणसं घोटाभर खाऱ्या पाण्यात उभी राहून दंताळी ओढत राहायची.

मुका त्या सगळ्यांत वयाने मोठा. तो चांगला बोलता माणूस होता, फक्त बोलायचा नाही. दिवसभरात तोंडातून दोन-चार शब्द पडले, की त्याची बायको म्हणायची, "आज काय सभा भरली होती वाटतं." मिठागरावर त्याला मुका म्हणायचे आणि ते नाव त्याला अंगच्या सदऱ्यासारखं बसलं होतं. त्याचा मुलगा शेजारच्याच वाफ्यावर होता. दोघे बापलेक दिवसभर एकमेकांच्या हाताच्या अंतरावर राबायचे आणि एका शब्दाची देवाणघेवाण न करता घरी यायचे.

सून मिठागरापलीकडच्या छोट्या रुग्णालयात परिचारिका होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. सासू चिडली की तीही म्हणायची, "या, सिस्टरबाई, आज घराची आठवण झाली का?"

संध्याकाळी बापलेक ओट्यावर पाय पसरून बसत. मिठाने पायांची कातडी ठिकठिकाणी फाटलेली असायची. त्या भेगांत मिठाचे बारीक खडे जाऊन बसत आणि आत कुरतडत राहत. सिस्टर नवऱ्याचे पाय गोड्या पाण्याने धुवायची, चिमट्याने खडे काढायची, मलम लावायची. सासऱ्याकडे वळली, की तो पाय आखडून घ्यायचा.

"बाबा, रोज परक्या माणसांच्या जखमा धुते मी. तुमची धुतली तर काय बिघडतं?"

"राहू दे," तो म्हणायचा. त्या दिवसाची त्याची सभा तिथेच संपायची.

रुग्णालयाच्या खिडक्यांचे गज खाऱ्या वाऱ्याने गंजून बोटाएवढे बारीक झाले होते. जुने डॉक्टर बदली होऊन गेले, त्यानंतर ती जागा रिकामीच राहिली. मध्ये एकजण आले होते. त्यांनी राहायची खोली पाहिली, नळ सोडून पाण्याची चव घेतली, चहा प्यायले आणि सामान न उतरवताच परत गेले. शेवटी एक दिवस चाकांचा उभा खांब आला. त्याला माणसाच्या डोक्याच्या उंचीवर पडदा होता आणि पडद्याच्या कपाळावर कॅमेरा. दूरच्या मोठ्या रुग्णालयातली एक डॉक्टरीण त्या पडद्यावरून रोगी तपासणार होती. असल्या कितीतरी रुग्णालयांचा भार तिच्या एकटीच्या डोक्यावर होता.

"उंटावरून शेळ्या हाकायला आता उंटसुद्धा लागत नाही," वॉर्डातली मावशी म्हणाली.

पण डॉक्टरीण चांगली निघाली. वयाने लहान, आवाजात घाई नाही. "सिस्टर, उजवीकडे बरगडीच्या खाली दाबा. आता एकदम सोडा. दुखलं कधी, दाबताना की सोडताना?" असं ती विचारायची. हात सिस्टरचे असायचे आणि निर्णय तिचा. काही दिवसांतच सिस्टरला वाटायला लागलं, की आपल्या बोटांच्या टोकांना आणखी कुणाचं तरी डोकं जोडलेलं आहे. तिच्यामुळे माणसं बरी होऊन घरी जात होती. कुणी तोंडावर म्हणत नव्हतं, पण सगळ्यांना ते मान्य होतं.

एकच खोड होती. डॉक्टरीण दुसऱ्या रुग्णालयाकडे वळली, की इथला संपर्क तुटायचा आणि पडद्यावर तिचं शेवटचं चित्र तसंच थिजून राहायचं. मान जराशी कललेली, ओठ किंचित उघडे, समोरच्याचं ऐकून घेतेय अशी नजर. पहिल्या दिवशी सिस्टर ते बंद करायला गेली, तर दम्याची म्हातारी खाटेवरून म्हणाली, "राहू दे गं. कुणीतरी बघतंय असं वाटतं. बरं वाटतं."

म्हणून ते राहिलं. मग तीच रीत पडली. मावशी रोज सकाळी ओल्या फडक्याने पडदा पुसायची आणि म्हणायची, "चला बाई, तोंड धुऊन घ्या." नवीन रोग्याला जुने रोगी सांगत, "डॉक्टरबाई बघतायत, घाबरू नको." सिस्टरही प्रसूतीच्या खोलीकडे धावताना तेच म्हणायला लागली. सुरुवातीला थट्टेने म्हणायची, मग सवयीने. रोगी शांत झोपायचे. ऊठसूट हाका मारेनासे झाले. सगळं रुग्णालय एकटीच्या अंगावर होतं, तिला ते हवंच होतं. त्या कमी झालेल्या हाका गेल्या कुठे, हा विचार तिच्या मनात आला नाही.

डॉक्टरणीला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मुका भर दुपारी वाफ्यात पडला. दंताळं हातात धरूनच तो गुडघ्यांवर बसला आणि मग कुशीवर कलंडला. मिठाच्या हातगाडीवर घालून मुलाने आणि दुसऱ्या एकाने त्याला आणलं. अंगाला चिकटलेलं मीठ उन्हात वाळून पांढरं झालं होतं. सिस्टरने कपडे सैल केले, अंग ओल्या कापडांनी गुंडाळलं, शीर शोधून सलाइन लावलं. हात नेहमीसारखेच चालले होते. फक्त पायांतले खडे धुताना पहिल्यांदाच सासऱ्याने पाय मागे घेतला नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

पडद्यावर डॉक्टरीण आली. तिने सगळं विचारलं, हृदयाचा आलेख पाहिला.

"सध्या आलेख ठीक आहे. पण उन्हाने असं पडलेल्या माणसाचं हृदय मागाहून दगा देऊ शकतं. नीट लक्ष ठेवा. दम लागला, छातीत काही वाटलं, बोलणं बदललं, तर लगेच मला बोलवा. लगेच. आणि जरा वेळाने आलेख पुन्हा काढा."

"हो."

"तुमचे कोण?"

"सासरे."

डॉक्टरीण मुक्याकडे वळली. "आजोबा, काही झालं तर सांगायचं हं. मनात ठेवायचं नाही."

मुक्याने मान हलवली. त्याचे डोळे पडद्यावरच्या चेहऱ्यावर खिळले होते. मग पडद्याला झटका बसला आणि चेहरा थिजला. मान कललेली, ओठ किंचित उघडे.

मुलाला ठेकेदाराचा निरोप आला. आभाळ काळवंडलंय, माणूस कमी पडतोय, बापाजवळ तुझी बायको आहे ना? मुलगा तिच्याकडे पाहत उभा राहिला. "जा तुम्ही," ती म्हणाली. "मी आहे." तो गेला. तेवढ्यात प्रसूतीच्या खोलीतून मावशीने हाक मारली. बाळ आडवं होतं. सिस्टरने सासऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप उतरत होता, श्वास ठीक होता.

"बाबा, आलेच मी. डॉक्टरबाई बघतायत."

ती परतली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत साबणाचं पाणी होतं आणि पलीकडे बाळ रडत होतं. मुका उशीवर जरा वर सरकून बसला होता. मान पडद्याकडे वळलेली होती. समोर बसलेल्या माणसाने आपलं बोलणं ऐकून उत्तर द्यावं म्हणून वाट पाहतो, तसा तो बसला होता. तिने नाडी धरली, छातीवर हात ठेवून जोर लावला, ओरडून मावशीला बोलावलं, पडद्याची बटणं दाबली. डॉक्टरीण आली, सूचना देत राहिली, सिस्टर करत राहिली. शेवटी डॉक्टरीण म्हणाली, "सिस्टर, थांबा आता."

शेजारच्या खाटेवर मिठाचे ट्रक हाकणारा ड्रायव्हर होता, पाय चिघळला म्हणून पडलेला. तोच पुढे भेटायला येणाऱ्यांना सांगायचा. "एकटा नव्हता गेला म्हातारा. डॉक्टरबाई होत्या ना समोर. त्यांच्याशी बोलत होता."

"कोण, मुका?"

"हो तर. चांगला बराच वेळ. हळू आवाजात, थांबून थांबून. खासगी काही असेल म्हणून मी तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्याचं कशाला ऐकायचं."

ही गोष्ट घरी पोचली आणि घरात राहायलाच आली. येणारी-जाणारी माणसं गेली, मुलगा पुन्हा मिठागरावर जायला लागला. बापाचा वाफाही आता त्याच्याच अंगावर पडला होता. सासू ओट्यावर बसून राहायची. रडली नाही. सिस्टर कामावरून आली, की चप्पल काढायच्या आधी विचारायची, "विचारलंस?"

"काय, आई?"

"काय म्हणाला तो, ते."

"डॉक्टरबाई कामात होत्या."

"रोज कामात? माणूस मरताना तिच्याशी बोलला, तेव्हा बरा वेळ होता तिला."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी सासूने वेगळी सुरुवात केली. सुपात धान्य होतं, हात निवडत होते.

"माझ्याशी उभ्या जन्मात दहा शब्द सलग बोलला नाही. पोर जन्मलं तेव्हा म्हणाला, 'बरं.' माझी आई गेली तेव्हा म्हणाला, 'जाऊन ये.' मी म्हणायची, जाऊ दे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आणि आता कळतंय, आडात होतं. पाणी होतं चिक्कार. दुसरीच्या पोहऱ्यात गेलं." तिने सूप झटकलं. "तरणी आहे का गं ती?"

"आई, काहीतरीच काय."

"काहीतरीच नाही. मला फक्त काय बोलला ते हवंय. रागावणार नाही मी."

त्या आठवड्यात वॉर्डात ती पडद्याकडे पाठ करून काम करत होती. पाठीवर ती नजर असायची. गोळ्या देताना, चादर बदलताना, सुई टोचताना. सासऱ्याच्या खाटेवर आता दम्याच्या म्हातारीला हलवलं होतं, खिडकीची हवा मिळावी म्हणून. एकदा सिस्टरने पडदा बंद केला, तर वॉर्डात चुळबुळ सुरू झाली. "बाई गेल्या का?" "सिस्टर, लावा ना." ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "माझं डोकं दुखतंय ते त्यांना सांगणार होतो."

"मला सांग."

"तुम्ही कामात असता. त्यांना सांगतो ना मी. रोज सांगतो."

तिने त्याचा ताप पाहिला. बराच होता, आणि कालपासूनचा होता. तिने डॉक्टरणीला बोलावून औषध बदलून घेतलं, पण थिजलेल्या चेहऱ्याचं काही सांगितलं नाही. संपर्क संपला, पडदा थिजला, आणि सगळे तिच्याकडे बघत असताना तिचा हात बटणापर्यंत गेला नाही.

त्या संध्याकाळी नवऱ्याचे पाय धुताना तिने त्याला सगळं सांगितलं. चित्र, मावशीचं फडकं, म्हातारीचा हट्ट, आणि आपणच जाताना काय बोललो ते. तो चिमट्याकडे पाहत ऐकत राहिला.

"वाचले असते?"

"डॉक्टरबाईंना विचारलं मी. म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही. वेळेवर कळलं असतं तर प्रयत्न करता आला असता."

त्याने पाय आखडून घेतला. बापाचाच मुलगा होता. मग म्हणाला, "मी तरी कुठे थांबलो." आणि जरा वेळाने, "आईला सांगू नकोस. कुणाशी तरी बोलून गेला, एवढ्यावर ती उभी आहे."

"आणि रोज विचारतात त्याचं काय?"

"सांग काहीतरी. म्हण, 'आई, तुमचं नाव घेतलं.'"

तिने सांगायचं ठरवलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी दारात चप्पल काढताना वाक्य तयार होतं. पण ओटा रिकामा होता. शेजारणीने सांगितलं, सासू मघाशीच काठी घेऊन मिठागराच्या बांधाने गेली, रुग्णालयाकडे. तुम्ही दोघी रस्त्यात चुकलात वाटतं.

सिस्टर उलट्या पावली पळाली. बांधाच्या दोन्ही बाजूंना मिठाच्या राशी ताडपत्रीखाली झाकल्या होत्या, आणि उघड्या वाफ्यांत वाकलेली माणसं संध्याकाळच्या उजेडात काळी दिसत होती.

वॉर्डात सासू पडद्यासमोर स्टूल घेऊन बसली होती. डोक्यावरचं कापड नीट ओढून घेतलं होतं, परक्या घरी आल्यासारखं. ट्रक ड्रायव्हर, म्हातारी, सगळे तिच्याकडे पाहत होते. सासू चेहऱ्याशी बोलत होती, अगदी खालच्या आवाजात.

"...म्हणजे तुला वेळ नसेल तर मी बसते. घाई नाही मला. पण तू ऐकलंयस, तर तुझ्याजवळ ठेवून काय करणार? तुझ्या काय कामाचं ते? मला दे."

चेहरा मान कलती करून ऐकत होता.

सिस्टर दारातच थिजली. तिथून पाहिलं तर कुणालाही वाटलं असतं, की डॉक्टरीण पुढच्या क्षणी बोलणार. आपला सासरा असाच फसला होता, हे तिला तेव्हा पहिल्यांदा पुरतं दिसलं. त्याला आपल्याकडे कुणी लक्ष दिलेलं दिसत होतं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी कामात नसलेलं, उठून न जाणारं समोर होतं.

तेवढ्यात पडद्याला झटका बसला आणि चेहरा हलला. म्हातारी दचकली. डॉक्टरीण म्हणाली, "सिस्टर? माझं ऐकू येतंय का? ट्रकवाल्यांचा ताप कसा आहे?"

सासू घाबरली नाही. तिने स्टूल पुढे ओढलं. "ताप राहू दे. मी मुक्याची बायको. तो जाताना तुझ्याशी काय बोलला?"

डॉक्टरणीची नजर सासूवरून मागे उभ्या सिस्टरवर गेली. तिला काही कळलं नाही. मग दिवसभर माणसांना बरं वाटेल असं बोलण्याची सवय असलेल्या आवाजात म्हणाली, "आजी, तुमची आठवण काढत होते ते."

सासूचा चेहरा उजळून निघाला. सिस्टरला वाटलं, इथेच संपू दे. आता कुणी काही बोलू नये.

"काय म्हणाला? शब्द सांग."

"म्हणाले... तिने माझ्यासाठी खूप केलं. तिला जपा."

सासू तिच्याकडे पाहत राहिली. उजेड हळूहळू उतरला. "असलं नव्हतं त्याच्या तोंडात," ती म्हणाली. "तू बरी मुलगी आहेस. पण तो असं बोलणारा माणूस नव्हता." मग ती स्टुलावरूनच मागे वळली. "पोरी, तू सांग. तू का इतके दिवस नजर चुकवतेस?"

सिस्टर जवळ गेली आणि स्टुलाशेजारी फरशीवर बसली, म्हणजे वर पाहूनच बोलावं लागलं.

"आई, त्या नव्हत्या. संपर्क तुटला की त्यांचं चित्र तसंच राहतं. मी ते बंद करत नाही, माणसं शांत राहतात म्हणून. बाबांना मीच सांगितलं, डॉक्टरबाई बघतायत. ते चित्राशी बोलले. कुणीच नव्हतं तिकडे."

पडद्यावर डॉक्टरणीने हात तोंडावर नेला. "माझं चित्र? सिस्टर, रोज?" ट्रक ड्रायव्हर छताकडे पाहत म्हणाला, "मी भिंतीकडे तोंड केलं हो. मला वाटलं, खासगी असेल."

सिस्टर मार पडण्याची वाट पाहावी तशी खांदे आवळून बसली. सासूने विचारलं, "म्हणजे तो बोलला, आणि कुणी ऐकलं नाही."

"नाही."

"तिनेसुद्धा नाही."

"नाही."

सासू काठी टेकून उठली. तिने पडद्याचा खांब दोन्ही हातांनी धरला आणि ढकलायला लागली. चाकं कुरकुरली. डॉक्टरणीने हलकेच मान खाली घातली आणि पडदा काळा झाला. या वेळी तिने तो तिकडून नीट बंद केला होता. सासूने खांब दाराबाहेरच्या बोळात नेऊन ठेवला, परत आली, आणि स्टूल उचलून खिडकीजवळच्या खाटेपाशी, मुक्याच्या खाटेपाशी ठेवलं.

"बोला आता," ती वॉर्डाला म्हणाली. "मी बसलेय."

अशी सरळ बसून पाहणारी जिवंत बाई समोर असताना काय बोलायचं ते कुणाला सुचत नव्हतं. बाहेर मिठागरावरचं काम थांबलं होतं आणि माणसं बांधावरून परतत होती, ओल्या पावलांचा आवाज खिडकीतून येत होता. सिस्टर उठून ट्रक ड्रायव्हरचा ताप पाहायला गेली. ती पाठमोरी होती तेव्हा दम्याची म्हातारी काहीतरी पुटपुटली. मग थांबली. श्वास घेऊन पुन्हा तेच पुटपुटली. पुन्हा थांबली. सासू वाकली, कान तिच्या तोंडाजवळ नेला.

"काय म्हणतात?" सिस्टरने विचारलं.

"पाणी मागतेय."

सिस्टर वळेपर्यंत सासूने तांब्या उचलला होता. तिने म्हातारीच्या मानेखाली हात घातला, घोट घोट पाणी पाजलं, हनुवटीवर ओघळलेलं आपल्या कापडाने टिपलं. म्हातारी आडवी झाली. सासूच्या हातात रिकामा तांब्या तसाच राहिला. ती त्याच्या तळाकडे बघत होती.

"थांबून थांबून बोलत होता म्हणालास ना तू?" तिने ट्रक ड्रायव्हरला विचारलं.

"हो, आजी."

"एकच शब्द, पुन्हा पुन्हा?"

त्याने आठवून पाहिलं. तो सांगायला तयार नव्हता, पण मान हलली.

सासूने सुनेकडे पाहिलं. "एवढंच मागत होता का गं तो?"